'सक्तीचा परवाना': सक्ती नक्की कोणावर?

आरोग्यविषयक मजकुराचं भाषांतर करते. 'कंपल्सरी लायसन्स'साठी 'अनिवार्य परवाना' लिहिलं. बाबांनी वाचून विचारलं, "म्हणजे औषधाच्या दुकानाला परवाना हवाच, असंच ना?" त्यांचं चुकलं असं म्हणवेना. कोणता शब्द वापरू?

— बाबांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. 'हेल्मेट अनिवार्य', 'नोंदणी अनिवार्य' या पाट्या रोज वाचणारा दुसरा अर्थ लावणार तरी कसा? त्यापेक्षा 'सक्तीचा परवाना' बरा. पण त्यातही एक खोच आहे. सक्तीचं शिक्षण, सक्तीची रजा: इथे ज्याला ती गोष्ट मिळते, सक्ती त्याच्यावरच. हा परवाना मात्र पेटंटधारकाची, म्हणजे औषध बनवण्याचा एकट्याचा हक्क असलेल्या कंपनीची, संमती नसतानाही सरकार दुसऱ्या उत्पादकाला तेच औषध बनवायला देतं. मिळतो एकाला आणि सक्ती होते दुसऱ्यावर, पेटंटधारकावर. घेणारा तर स्वतः अर्ज करून येतो.

भारतातला पहिला दाखला घ्या. सोराफेनिब हे यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं औषध. पेटंट तेव्हा बायर या औषध कंपनीचं होतं. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटको या औषध कंपनीला सक्तीचा परवाना दिला. अट अशी की तेवढ्याच गोळ्या ८,८८० रुपयांना विकायच्या. एक गोळी सुमारे २,३३७ रुपयांवरून ७४ वर आली. घरात असा रुग्ण असेल तर हा आकडा काय असतो, ते वेगळं सांगायला नको.

आणि कृपा करून 'पेटंट रद्द' लिहू नका! पेटंट बायरकडेच राहिलं. नॅटकोने विक्रीवर आधी ६, पुढे अपिलात ठरल्याप्रमाणे ७ टक्के रॉयल्टी द्यायची होती. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला.

— पेटंटला 'एकस्व' लिहू का? आणि रॉयल्टीला?

— 'एकस्व' घडणीने सुरेख, पण वाचक तिथेच अडखळतो. पेटंटच ठेवा. रॉयल्टीला 'स्वामित्वधन' चालेल, वाळूच्या लिलावांमुळे गावोगावी ठाऊक आहे. पहिल्या उल्लेखाला मात्र फोड हवीच: 'पेटंटधारकाच्या संमतीविना सरकारने दुसऱ्या उत्पादकाला दिलेला, म्हणजेच सक्तीचा, परवाना'. पुढे नुसतं 'सक्तीचा परवाना'.

— तसंच लिहून बाबांना वाचून दाखवलं. लगेच म्हणाले, "मग मूळ कंपनीला काहीच नाही?" स्वामित्वधनाचं वाक्य तळटीपेत टाकलं होतं, ते वर घेतलं.