पिकअपचं ब्रेक पेडल पहिल्या दाबाला खाली जातं, दुसऱ्याला वर येतं. बूस्टर आणि मास्टर दोन्ही बदलायला सांगितलेत, सल्ला द्या

सासवडचा_पिकअपवाला
नमस्कार मंडळी. डिझेल पिकअप आहे, सेकंडहँड घेतलेली, पुढे डिस्क मागे ड्रम. सासवडहून सीताफळ, अंजीर, कधी भाजी भरून पहाटे मार्केट यार्डला जातो, म्हणजे दिवे घाट भरल्या गाडीने उतरायचा. सध्या असं होतंय की पेडल पहिल्यांदा दाबलं की बरंच खाली जातं, लगेच परत दाबलं की वर आणि टाईट. शिवाय वडकीला खाली येईपर्यंत गाडी डावीकडे ओढायला लागते आणि जळका वास येतो. ऑइल बाहेर कुठे गळताना दिसत नाही. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न बघता सांगितलं बूस्टर गेलाय, मास्टरपण सोबत टाकून घ्या. पासिंगही जवळ आलंय. हडपसर-भोसरी साईडला कुठे दाखवू, आणि खरंच दोन्ही बदलावं लागेल का?

भोसरी_ब्रेकवाला
दादा, बूस्टरला (व्हॅक्यूमवर पायाचा जोर वाढवणारा डबा) अजून हात लावू नका. बूस्टर गेला की पेडल कडक होतं, पाय रेटून दाबावं लागतं, खाली जात नाही. घरीच बघा, इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबा, कडक झालं की तसंच दाबून धरा आणि स्टार्टर मारा, पेडल पायाखाली थोडं उतरलं तर बूस्टर आणि व्हॅक्यूम पंप दोन्ही काम करतायत.

मास्टर म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून चाकांकडे पाठवणारा सिलेंडर, त्याचं वेगळं. इंजिन चालू ठेवून पेडल मध्यम जोराने दाबा आणि मिनिटभर हलू देऊ नका. हळूहळू बसत गेलं आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर मास्टरच्या आतले वॉशर ऑइल मागे सोडतायत. आहे तिथेच राहिलं तर मास्टरवर संशय घ्यायचं कारण नाही.

तुमचं "पहिलं खाली दुसरं वर" हे बहुतेक मागच्या ड्रमचं आहे. लायनर (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारं अस्तर) आणि ड्रममधला गॅप वाढला की पहिल्या दाबाचं ऑइल लायनर ड्रमपर्यंत पोचवण्यातच जातं, खरा ब्रेक दुसऱ्या दाबाला लागतो. चेक सोपा आहे, हँडब्रेक ओढून ठेवा आणि मग पेडल दाबा. पहिल्याच दाबाला वर आलं तर गॅप मागेच आहे. तरीही स्पंजसारखं मऊ लागलं तर लाईनमध्ये हवा आहे.

कात्रज_टेम्पो
मी तर घाटात गाडी न्यूट्रल करतो, ब्रेकवर लोड कमी येतो. आणि ऑइल कमी झालं की वरून टाकायचं, एवढं काय.

भोसरी_ब्रेकवाला
भाऊ, न्यूट्रलला लोड कमी नाही, सगळा ब्रेकवरच येतो, कारण इंजिन गाडीला धरतच नाही. आणि डिझेल वाचवायला कोणी इंजिनच बंद केलं तर व्हॅक्यूम पंप थांबतो, बूस्टरमध्ये दोनतीन दाबांपुरता व्हॅक्यूम उरतो, त्यानंतर नुसत्या पायाच्या जोरावर भरलेली गाडी थांबत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती अपघात झालेत ते आपण सगळेच बघतोय. कृपा करून असं करू नका, मागच्या गाडीत कोणाचीतरी पोरंबाळं असतात. घाट ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरा.

ऑइल वरून टाकण्याचंही तसंच. बंद सिस्टीममध्ये ऑइल उडून जात नाही. लेव्हल उतरली म्हणजे एकतर पॅड-लायनर झिजलेत नाहीतर कुठेतरी गळतंय. आधी ते शोधायचं, मग टाकायचं.

पिंपरी_फ्लीट
आमच्या कंपनीच्या व्हॅन आणि छोटे ट्रक मी बघतो. ओढण्याबद्दल सांगतो. गाडी डावीकडे ओढते म्हणजे डावं चाक जास्त धरतंय किंवा उजवं कमी. सपाट रस्त्यावर, ब्रेक फार न वापरता थोडं चालवून थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका, भाजेल. एक चाक जास्त गरम असेल तर ते सोडत नाहीये. मग ते चाक जॅकवर घ्या, स्टँड लावा, पेडल दाबून सोडा आणि हाताने फिरवा. जड फिरलं तर त्या कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निप्पल (हवा काढायचा स्क्रू) थोडा ढिला करा. ऑइल जोरात उडालं आणि चाक मोकळं झालं तर होज पाईप (चाकाकडे ऑइल नेणारा रबरी पाईप) आतून सुजलाय, दाब जातो पण परत येत नाही. बाहेरून असा होज एकदम चांगला दिसतो, म्हणून बरेच जण फसतात आणि कॅलिपर बदलत बसतात. निप्पल उघडूनही चाक जड राहिलं तर पिस्टन किंवा स्लाईड पिन जॅम आहे.

मागचे ड्रम काढाल तेव्हा व्हील सिलेंडरचा (लायनर ड्रमकडे ढकलणारा छोटा सिलेंडर) रबर बूट बोटाने उलगडून आत बघा. नुसतं दमट असेल तर लक्ष ठेवा, ऑइल ओघळलं तर सिलेंडर गेलाच. बाहेर थेंब दिसायच्या आधी तो लायनर भिजवतो. ड्रमवर मॅक्स डायमीटर कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेला असेल तर लेथवर फिरवू नका, नवीन टाका. आणि ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या कापडाने किंवा ब्रेक क्लीनरने काढा.

सासवडचा_पिकअपवाला
खूप आभार दोघांचे. भावकीतला एक पोरगा आयटीआयचा आहे, त्याला घेऊन सगळं केलं. बूस्टर ओके, स्टार्टर मारल्यावर पेडल उतरलं. मिनिटभर धरलं, बसलं नाही. हँडब्रेक ओढला तर पहिल्याच दाबाला वर!! पुढचं डावं चाक तापलेलं, निप्पल ढिला केला तर ऑइलची पिचकारी आणि चाक मोकळं, म्हणजे होज. मागे लायनर-ड्रमचा गॅप राखणारे दोन्ही अॅडजस्टर गंजून बसलेत, उजव्या सिलेंडरचा बूट उलगडला तर ऑइल ओघळलं. अजून एक, मागच्या एक्सलवर एक रॉड असलेला व्हॉल्व्ह आहे आणि गाडीला जुन्या मालकाने स्प्रिंगचा एक पाटा वाढवलाय. त्याचा काही संबंध?

भोसरी_ब्रेकवाला
मूळ दुखणं तिथेच असू शकतं. तो लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडी भरली की मागची बॉडी खाली बसते, रॉड हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत कमी सोडतो म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू नये. आता पाटा वाढवला की माल भरूनही गाडी उचललेलीच राहते, व्हॉल्व्हला वाटतं रिकामी आहे. म्हणजे मागे ब्रेक कमी, सगळा घाट पुढच्या डिस्कवर उतरवायचा, त्यात डावा होज सोडत नाही. वास येणारच. पाटा काढून कंपनीच्या मापावर आणा, आणि रॉडची लांबी मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने सेट करून घ्या. काही जण रॉड तारेने वर बांधतात, मग रिकाम्या गाडीत पावसात मागचं शेपूट फिरतं. ते कोणाला करू देऊ नका.

पार्ट नाना पेठेत सगळे मिळतील, जुना पार्ट सोबत न्या. होज दोन्ही बाजूंचे घ्या, मागचे सिलेंडर दोन्ही, लायनर पूर्ण सेट. भिजलेला लायनर धुवून परत लावायचा नाही.

पिंपरी_फ्लीट
आणि ऑइल पूर्ण बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ३ (ब्रेक ऑइलचा ग्रेड) नवीन असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच हद्द १४० वर येते. डॉट ४ ची २३० आणि १५५. घाटात ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल थेट तळाला. रिझर्व्हायरच्या झाकणावर जे लिहिलंय तेच टाका, डॉट ५ अजिबात नको, ते सिलिकॉनचं असतं. इंजिन ऑइलचा तर एक थेंबही नको, सगळी रबरं फुगतात.

हवा काढताना गाडीचा मागचा भाग चासीवर उचलून एक्सल लोंबकळत ठेवला तर तो व्हॉल्व्ह मागचा दाब कमी करतो, म्हणून स्टँड एक्सलखाली द्या. आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरकडचं, मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तसं. काही मॉडेलला व्हॉल्व्हवर पण निप्पल असतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, जुना मास्टर तळापर्यंत दाबला की वॉशर आतल्या गंजलेल्या भागावर घासून फाटतात, आणि चांगला मास्टर आपण काम करताना घालवतो.

सासवडचा_पिकअपवाला
ठोकळ्याचं कोणीच सांगितलं नव्हतं. मग गॅरेज कुठलं?

भोसरी_ब्रेकवाला
नाव नाही सांगत, ओळख सांगतो. जो ड्रम उघडायच्या आधी पार्टची यादी देतो त्याच्याकडून गाडी परत घ्या. जो चारही चाकं खोलतो, तुम्हाला बूट उलगडून दाखवतो आणि जुने पार्ट हातात देतो त्याच्याकडे सोडा. काम झाल्यावर आधी रिकाम्या मैदानात हळू चालवून ब्रेक मारा, मग माल भरून सपाट रस्त्यावर, सगळं सरळ थांबलं तरच घाट. पासिंगची तारीख त्यानंतरची घ्या. आणि हे सगळं होईपर्यंत माल दुसऱ्याच्या गाडीने पाठवा, भाडं गेलं तरी चालेल.