सोलरची टाकी दुरुस्त करावी की नवी घ्यावी? मदत हवी आहे

मंडळी, नागपूरच्या बेसा भागात घर आहे. गच्चीवर २०१२ साली बसवलेला २०० लिटरचा, काचेच्या नळ्यांचा सोलर वॉटर हीटर आहे. पाणी बोअरचं, क्षार भरपूर. बादलीला पांढरा थर बसतो. प्रेशर पंप नाही.

दिवाळीपासून सकाळी सहाला पाणी जेमतेम कोमट येतं. संध्याकाळी मात्र चांगलं कडक असतं, म्हणजे तापतंय, टिकत नाहीये. टाकीच्या खालच्या शिवणीतून थेंब थेंब गळतं आणि तिथलं पत्र्याचं कव्हर हाताला गरम लागतं. आतलं उष्णता धरून ठेवणारं फोम भिजलं असावं.

नळ्या उतरवून क्षार काढला, रबरी रिंगा सगळ्या बदलल्या. दोन नळ्यांच्या टोकाची चंदेरी चकाकी जाऊन पांढरी झाली होती (नळीच्या दुहेरी काचेमधला व्हॅक्यूम, म्हणजे निर्वात पोकळी, गेली की असं होतं), त्याही नवीन टाकल्या. गळती तशीच.

एक मिस्त्री म्हणतो, कव्हर कापून आतली टाकी वेल्डिंग करून देतो, साडेतीन हजार. दुसरा म्हणतो पैसे वाया जातील, अख्खा सेटच बदला. पहिल्याला भिजलेल्या फोमचं काय करणार विचारलं, तर "बघू" म्हणाला!

स्टँड आणि बाकीच्या नळ्या (५८ मिमी व्यास, १८०० मिमी लांब) ठणठणीत आहेत. घरात पाच माणसं, आई-बाबांना पहाटे गरम पाणी लागतंच.

असं वेल्डिंग कुणाकडे दोन-तीन वर्षं तरी टिकलंय का? आणि नुसती टाकी नवी घेतली, तर दुसऱ्या कंपनीच्या टाकीची भोकं जुन्या नळ्यांना आणि स्टँडला जुळतात का?