विद्यापीठाच्या पाण्याच्या पाइपातून वीज काढावी का?

सागरमाळ
शिवाजी विद्यापीठाचा पसारा मोठा, तोही माळावर. टाकीतून वसतिगृहांना, विभागांना पाणी खाली उतरतं. त्या पाइपातच छोटं टर्बाइन, म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरून वीज करणारं चक्र, का बसवू नये? अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने २०१५ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत चार टर्बाइन बसवली, क्षमता २०० किलोवॅट. राधानगरीच्या पाण्यावर वीज करणारा आपला जिल्हा मागे का?

पंपहाऊस
दादा, पोर्टलंडचं पाणी उतारानं येतं, आपलं टाकीत चढतं ते मोटारीवर. हिशेब मांडा की. १५ मीटरवरून दिवसाला ५ लाख लिटर पाणी उतरलं, तर त्यात सगळी मिळून २० युनिट ऊर्जा. टर्बाइनने निम्मी पकडली तर १० युनिट. तेच पाणी वर चढवायला, पंपसेटची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तरी ३४ युनिट आधीच गेलेली असतात. शिवाय टर्बाइन दाब घेतं. सकाळी आंघोळीच्या वेळी वरच्या मजल्यावरच्या पोरांना नळाला धार मिळणार नाही, त्यांना काय सांगायचं?

राजारामपुरी
पटलं. छतावर अडीच किलोवॅटचं सोलर टाकलं की तेवढीच वीज मिळते, पाइप कापायलाही नको.

सागरमाळ
मोटारीची वीज तर जाणारच आहे. पण टेकाडावरून सखल भागात पाणी जाताना दाब वाढतो, तो कमी करायला व्हॉल्व्ह लावावा लागतो. तिथे ती ऊर्जा नुसती वाया जाते. तेवढीच पकडा म्हणतोय मी.

मेकॅनिकल थर्ड इयर
मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. अशा जागी जुना सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरवला तरी टर्बाइनचं काम करतो. बिल कमी होईल म्हणून नको, पण जिथे वायर पोचत नाही तिथे फ्लोमीटर (किती पाणी वाहतं ते मोजणारं यंत्र) आणि गळती पकडणारे सेन्सर चालवायला काही वॅट पुरतात. गळती सापडली की उपसा कमी, म्हणजे मोटारीचीही वीज वाचली. शिकायलाही मिळतं, पुस्तकातलं हेड (पाण्याच्या पडण्याची उंची) आणि डिस्चार्ज (वाहणाऱ्या पाण्याचं प्रमाण) हाताला लागतं.

पंपहाऊस
सेन्सरपुरतं असेल तर माझा विरोध नाही, फक्त १० युनिटांचे फलक लावू नका. आणि आधी व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावून पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या नोंदी घ्या. टर्बाइन बंद पडलं तरी पाणी जाईल अशी बायपास लाइन ठेवा, बेअरिंगचं ग्रीस पाण्यात उतरणार नाही असं यंत्र निवडा. पिण्याचं पाणी आहे ते.