कठीण काळात कोणी कसे सावरले? श्रद्धा आणि सोबत यांचे अनुभव

या धाग्याचे निमंत्रण देताना एकच विनंती केली होती. ‘श्रद्धेने तारले’ किंवा ‘माणसांनी सांभाळले’ एवढेच लिहून थांबू नये. नेमके कोण आले, त्यांनी काय केले आणि प्रार्थना, जप, ध्यान जे काही होते ते त्या दिवसांत खरोखर जमत होते का, हेही लिहावे. ज्यांना श्रद्धेचा किंवा समूहाचा उपयोग झाला नाही, त्यांचे अनुभवही तितकेच हवे आहेत.

एक निवृत्त शिक्षिका :
माझे पती अचानक गेले आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला प्रार्थना जमली नाही. ओठ हलत, पण लक्ष सारखे दाराकडे असे. आमच्या प्रार्थनागटातील एक वयस्कर बाई रोज संध्याकाळी येत, दाराजवळच्या खुर्चीत बसत आणि मी बोलले नाही तर त्याही बोलत नसत. चौथ्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक वही काढली, विमा, बँक, निवृत्तिवेतन, वीजजोडणी अशी कामे एकाखाली एक लिहिली आणि प्रत्येक कामापुढे मृत्यूच्या दाखल्याच्या किती प्रती लागतील ते मांडले. काम झाले की त्या फूटपट्टी लावून त्यावर रेघ मारीत. त्या काळात ऐकलेले एकही प्रवचन मला आठवत नाही; ती फूटपट्टी मात्र आठवते. ‘तुला जमेपर्यंत तुझ्या वाटची प्रार्थना आम्ही करतो,’ असे त्या एकदाच म्हणाल्या आणि माझ्या मनातील अपराधीपणा पुष्कळ हलका झाला. बायबलमधील ईयोबाच्या कथेत, त्याच्यावर संकटे कोसळल्यावर त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट्याने बसतात. बिघडते ते नंतर, जेव्हा ते त्याला त्याच्या दुःखाची कारणे समजावून सांगू लागतात. या बाई कारणांच्या वाटेला कधी गेल्याच नाहीत.

दारू सोडलेला एक सदस्य :
मी नास्तिक आहे, त्यामुळे येथे लिहावे की नाही, असा विचार करत होतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा त्यांच्या दारूमुक्तीच्या बारा पायऱ्यांमधील देवाचे उल्लेख वाचून दारातूनच परत फिरणार होतो. तिसऱ्या पायरीतील ‘आम्हाला उमगला तसा’ या शब्दांवर बोट ठेवून एका जुन्या सदस्याने मला थांबवले. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीशी मनमोकळे बोलण्यातून ही चळवळ उभी राहिली. त्या पायऱ्यांत म्हटलेली ‘आपल्याहून मोठी शक्ती’ माझ्यापुरती म्हणजे ते बोलणे आणि त्यासाठी गोल मांडलेल्या खुर्च्या. पहिल्या ९० दिवसांत ९० बैठका, हा तेथे नवख्याला नेहमी दिला जाणारा सल्ला मी कसाबसा पाळत होतो. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी बैठकीच्या खोलीची किल्ली माझ्या हाती दिली. मी गेलो नाही तर बाकीचे बाहेर ताटकळणार होते आणि उपदेशाने जे झाले नसते ते या एका गोष्टीने केले. पुढे दोनदा पाय घसरला. दोन्ही वेळा कोणी किल्ली परत मागितली नाही.

एक वाचक :
२०२०च्या टाळेबंदीत वडील गेले. अंत्यविधीला मोजकीच माणसे येऊ शकली. बाकीच्यांनी आपापल्या घरून फोनवर एकत्र प्रार्थना म्हटली. आवाज पुढेमागे होत होते, कोणाचा तरी कुत्रा भुंकत होता. ते पुरले असे मी म्हणणार नाही. निभावले, इतकेच.

एक आई :
माझा अनुभव कडू आहे. मुलाच्या दीर्घ आजारात आमच्या समूहातील काहींनी ‘तुमची श्रद्धाच कमी पडते आहे’ असे सुचवले आणि एकाने तर उपचार थांबवून केवळ प्रार्थनेवर विसंबावे असा आग्रह धरला. आम्ही उपचार सोडले नाहीत, समूह सोडला. देव आपल्याला शिक्षा करतो आहे ही भावना मात्र सुटली नाही आणि आजारपणाच्या सगळ्या ओझ्यात तीच सर्वांत जड होती. एक मैत्रीण तेवढी येत राहिली. तिने देवाची बाजू कधी मांडली नाही. रात्री रुग्णालयात येऊन ती औषधांच्या वेळा लिहिलेला कागद माझ्या हातून काढून घेई आणि ‘आता चार तास झोप’ म्हणे. श्रद्धा परत आली का, असे कोणी विचारले तर पूर्वीसारखी नाही, असेच सांगेन. देव भांडण्याइतका जवळचा राहिला आहे.

एक समुपदेशक :
ताई, आपले लेखन वाचून राहवले नाही. देवाने आपल्याला टाकले किंवा शिक्षा केली असे वाटणे ही दुबळ्या मनाची खूण नसून दखल घ्यावी अशी वेदना आहे. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षे व त्यावरील वयाच्या ५९६ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात, मनात श्रद्धेविषयी असा संघर्ष चाललेल्या रुग्णांमध्ये पुढील दोन वर्षांतील मृत्यूचा धोका काहीसा अधिक आढळला. हा संबंध आहे, थेट कारण नव्हे. तरीही ‘श्रद्धा वाढवा’ असे सांगणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. अमेरिकेतील उपासकांविषयी संशोधक चेयून लिम आणि रॉबर्ट पुटनम यांनी २०१० साली दाखवले की, नियमित उपासनेला जाणाऱ्यांचे अधिक समाधान बऱ्याच अंशी तेथे जुळलेल्या मैत्रीतून येते. आपण समूह सोडलात; मैत्रीण सुटली नाही, याचे मला मोठे मोल वाटते.

निवृत्त शिक्षिका, पुन्हा :
ती वही अजून माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात आमच्या गटातील एका तरुणाची पत्नी गेली, तेव्हा मी ती घेऊन त्याच्याकडे गेले आणि जुन्या पानावरून यादी उतरवून दिली. फूटपट्टी न्यायची राहिली. पहिले काम संध्याकाळी झाले, तेव्हा त्याने हातानेच रेघ मारली, वाकडी.