शब्दचर्चा: जर्मन 'मेर्खन'ला मराठीत काय म्हणायचं? परीकथा, भाकडकथा की अजून काही?

थिओडोर हर्झलची 'आल्टनॉयलांड' (म्हणजे 'जुनी-नवी भूमी', १९०२) ही जर्मन कादंबरी वाचतेय. हर्झल म्हणजे झायनिझमचा, पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र उभारायच्या चळवळीचा, पुढारी. दोघं जण वीस वर्षं एका बेटावर राहून १९२३ मध्ये पॅलेस्टाईनला येतात आणि तिथे नवा ज्यू समाज उभा दिसतो, अशी कल्पित गोष्ट. सुरुवातीलाच वाक्य आहे, तुमची इच्छा असेल तर हे 'मेर्खन' नाही. मी वहीत परीकथा लिहिलं तर नवरा म्हणतो भाकडकथा लिही. आमचं त्यावरून चांगलंच वाजलं. शब्द सुचवा.

प्रतिसाद १
जर्मन मेर्खन म्हणजे परीकथाच हो, पण हिब्रूत ते वाक्य 'अगादा' शब्दाने गाजलं. अगादा म्हणजे जुन्या रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कथा पण, नुसती पोरांची गोष्ट नाही. त्यामुळे हिब्रू वाचणाऱ्याला ते वाक्य जास्त जड लागत असणार असं आपलं मला वाटतं.

प्रतिसाद २
भाकडकथा नको बुवा. भाकड म्हणजे दूध न देणारं जनावर. 'ही भाकडकथा नाही' म्हटलं की तुम्ही हर्झलच्या बाजूने सही केलीत, गाय दूध देणार म्हणून. माझा प्रश्न वेगळा आहे, दूध कुणाच्या भांड्यात? पुस्तकात रशीद बे नावाचा अरब आहे, तो सांगतो की ज्यू आले आणि आमचं भलंच झालं. मी डाव्या घरातला, मला ते वाचून चीड आली, लेखकाने स्वतःला हवं ते अरबाच्या तोंडी घातलंय. मी 'मनातले मांडे' म्हणेन.

प्रतिसाद ३
अहो, पण त्याच पुस्तकात गायर नावाचा पुढारी बिगर-ज्यूंना हक्क नकोत म्हणतो आणि त्याचाच गट निवडणुकीत हरतो, ते का सोडलंत? माझा मित्र इस्रायलच्या बाजूचा आहे, त्याला फक्त गायरची हार आठवते आणि तुम्हाला फक्त रशीद बे. पुस्तक एकच ना राव. आणि ही भांडणं आजची नाहीत, पुस्तक आल्या आल्या वार एका झायनिस्टानेच केला. अहद हाआम, म्हणजे 'लोकांतला एक', हे टोपणनाव हं, तो म्हणाला यात ज्यू असं आहेच काय, सगळा युरोप उचलून आणलाय. त्यावर हर्झलचा साथीदार मॅक्स नॉर्डाऊ इतका भडकला की विचारू नका. म्हणजे एकाच चळवळीतली माणसं, तरी एकाला स्वर्ग दिसला आणि दुसऱ्याला नक्कल.

प्रतिसाद ४
थोडं अवांतर. या पुस्तकाचं हिब्रू भाषांतर नाहूम सोकोलोव्ह या झायनिस्ट लेखकाने केलं आणि नाव दिलं 'तेल अवीव'. तेल म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, आपण ज्याला पांढरीचं टेकाड म्हणतो तेच, आणि अवीव म्हणजे वसंत. जुनं-नवं दोन्ही आलं. १९१० मध्ये तेच नाव शहराला दिलं. आज तिथे हर्झलच्या नावाचा रस्ता आहे आणि अहद हाआमच्याही.
मूळ प्रश्नाला माझं मत 'कहाणी'. आपल्या श्रावणातल्या कहाणीत घेतला वसा टाकायचा नसतो, म्हणजे इच्छाशक्ती आलीच. शिवाय ऐकणारा श्रद्धाळू असेल तर खरी, नसेल तर आटपाट नगर.

धागाकर्ती
कहाणी घेते. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.