एका रात्रीसाठी ट्रेलर गाडीपासून सोडायचा की जोडूनच ठेवायचा?

नटबोल्ट:
अंधार पडल्यावर पोचायचं आणि पहाटे निघायचं, अशा मुक्कामात राहायचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) सोडण्याच्या मी विरोधात आहे. बऱ्यापैकी सपाट जागा बघायची, चाकांना ठोकळे लावायचे, गाडीचा हँडब्रेक ओढायचा आणि झोपायचं. रात्री पाणी चढलं किंवा आसपास नको ती मंडळी आली, तर लगेच निघता येतं. शिवाय खरा धोका सोडण्या-जोडण्यातच असतो. दमलेल्या माणसाने पहाटेच्या अंधारात कपलर (ट्रेलरच्या पुढच्या टोकाची वाटी) गाडीमागच्या बॉलवर नीट बसला का, कुलूपपिन लागली का, सेफ्टी चेन अडकवल्या का, हे तपासायचं... नको रे बाबा.

तिरपी खाट:
"बऱ्यापैकी सपाट" हे कोण ठरवणार? पाणसळ ठेवून बघा एकदा! माणूस कसाही झोपेल, पण गॅसवरच्या फ्रिजचं काय? त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण निव्वळ उताराने बॉयलरकडे (ते तापवणाऱ्या भागाकडे) परत वाहतं. ट्रेलर फार तिरपा असला की ते मध्येच अडतं, बॉयलर जास्त तापतो आणि फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. पुढची बाजू हवी तितकी वरखाली करायची तर कपलर मोकळाच हवा.

नटबोल्ट:
माझा फ्रिज कॉम्प्रेसरवाला आहे, त्यामुळे तो मुद्दा मला लागू नाही. आणि डावी-उजवीकडचा कल सोडूनही जात नाही. तो चाकाखाली फळी घालूनच काढायचा, तोही ट्रेलर जोडलेला असताना.

रातराणी:
जोडून ठेवा, पण गाडीतून ट्रेलरला जाणाऱ्या वायरचा प्लग काढता का? काही गाड्यांत चावी काढली तरी चार्जिंगची लाइन चालूच राहते. ट्रेलरमधला पंखा, पंप, दिवे रात्रभर गाडीची बॅटरी खातात. मग पहाटे कसले निघताय!

खडूस काका:
रातराणी, बरोबर. मी मात्र कायम सोडणारा. मध्यरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर अख्खं घर मागे ओढत नेणार का? अनोळखी गल्लीत ते वळवून दाखवा. शिवाय हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, ट्रेलरच्या वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार असतो. 2000 किलोचा ट्रेलर म्हणजे 200 ते 300 किलो. तो गाडीच्या मागच्या स्प्रिंगांवर तोललेला, त्यामुळे आत कुणी कूस बदलली तरी सगळे हलतात.

नटबोल्ट:
काका, त्याला उपाय आहे. ट्रेलरच्या पुढचा जॅक खाली टेकवून थोडा भार त्यावर घ्यायचा, डुलणं बरंच कमी होतं.

खडूस काका:
थोडाच हं! जॅक फिरवत गेलात तर गाडीची मागची बाजू उचलली जाते आणि बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो. चाकं हलकी झाली की ब्रेकला पकड कुठून येणार?

तिरपी खाट:
उतारावर मात्र मीही सोडत नाही. कपलर सुटला की सगळी भिस्त ठोकळ्यांवर. आणि एक विनंती: ब्रेकअवेची तार (ट्रेलर चालताना सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) ओढून हँडब्रेकचं काम भागवू नका. इलेक्ट्रिक ब्रेकचे मॅग्नेट तापतात आणि ट्रेलरची बॅटरी उतरते.

नटबोल्ट:
म्हणजे उतारावर सोडायचा नाही, सपाटीवर सोडायची गरज नाही. मग सोडायचा कुठे?

खडूस काका:
जिथे दोन रात्री राहायचंय तिथे. आणि माझ्याबरोबर असाल तर एका रात्रीलाही.