फायबरचं पॅनल कामून घुमतं? हातोडी खरी की गणित?

वाळूजचा फिटर: पंपाच्या गार्डचं 2 मिमी लोखंडी पॅनल काढून 4 मिमी फायबरचं, म्हणजे काचधागा-रेझिनचं, लावलं. साइज 450 बाय 600 मिमी. वजन निम्म्याहून कमी, साहेब खूष. पण मोटर मिनिटाला 1440 फेऱ्यांवर आली की असं घुमतं, शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. सॉफ्टवेअरनं पहिली नैसर्गिक वारंवारता, म्हणजे ठोकल्यावर पॅनल स्वतःहून सेकंदाला किती वेळा थरथरतं ते, 60 हर्ट्झ दाखवली होती. सेन्सर चिकटवून हातोडी मारली, निघाली 48! मोटरचे सेकंदाला 24 फेरे, मोटर-पंप जोडणारं कपलिंग जरा तिरकं असलं की दुपटीचा, म्हणजे नेमका 48 चा, धक्का बसतोच. गणित साहेबाला दाखवायला, खरी हातोडी.

नांदेडचा एमटेकवाला: दादा, गणिताला कामून शिव्या? सॉफ्टवेअरमध्ये कडा चारी बाजूंनी पक्क्या धरल्या होत्या ना? खऱ्या पॅनलला बोल्ट किती आहेत?

वाळूजचा फिटर: सहा. खाली रबरी वॉशर.

नांदेडचा एमटेकवाला: मग झालं की! याच पॅनलच्या कडा पक्क्या धरा, 60 येतात. नुसत्या टेकलेल्या धरा, 32 च्या आसपास. तुमचे 48 बरोबर मधले. चूक गणिताची नाही, त्याला खोटं सांगणाऱ्याची.

चिकलठाण्याचा मोल्डवाला: दोघंही कडांवर भांडा, माल कुणी बघितला का? हाताने थापलेली चॉप्ड मॅट असणार, म्हणजे कुठल्याही दिशेला पडलेल्या आखूड काचधाग्यांची. तिचा ताठपणा 7 गिगापास्कलच्या आसपास, लोखंडाचा 200. वजन कमी असूनही तेवढ्याच जाडीत वारंवारता निम्म्याच्या खाली जाते. म्हणून तर जाडी दुप्पट केली, तरी लोखंडाच्या जरा मागेच. मॅटऐवजी एकाच दिशेचे धागे आखूड बाजूला समांतर घाला, त्याच जाडीत बराच फरक पडेल. लांब बाजूला घातले तर फायदा बराच कमी. आमच्याकडे पोरं कापड वाया जाऊ नये म्हणून रोल पडेल तसं कापतात, त्यांना दिशा सांगून सांगून थकलो.

नांदेडचा एमटेकवाला: धाग्याचं पटलं. पण आधी फुकटचं करा, वॉशर काढा.

वाळूजचा फिटर: वॉशर काढू? रबर थरथर खातं राव, म्हणून तर लावलं.

नांदेडचा एमटेकवाला: खातं, पण कड ढिली करून वारंवारता खालीही ओढतं. तुमचं नेमकं 48 वर आणून ठेवलंय त्यानं.

वाळूजचा फिटर: दुपारी काढून मारली हातोडी. 55. आवाज निम्म्यावर आलाय. पण हे कळलं कशानं? हातोडीनंच.

चिकलठाण्याचा मोल्डवाला: कपलिंग सरळ करा आधी.